चालता हात

पाणी रस्त्यावर गेलं तेव्हा मला कळलं की माझ्या हातावरचं घड्याळ बंद पडलं आहे. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पंप चालू होता. केळीच्या खालच्या वाफ्याला पाणी किती वेळ सोडायचं ते आमच्या वाडीत माझ्या मनगटावर ठरतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कुणी ते ठरवलेलं मला खपत नाही. मी मनगटाकडे पाहिलं, म्हटलं अजून वेळ आहे. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं, अजून वेळ आहे. मग हरेश्वर आला, पोटऱ्यांपर्यंत चिखल. हा मिठागराच्या बाजूचा माणूस; माझ्या वाडीत काम करता करता त्याच्या मिशा पिकल्या. म्हणाला, "काकी, पानी रस्त्यावर गेलं. गाड्यावाले शिव्या देतात." मी म्हटलं, "मग बंद कर की. बटन काय माझ्या नाकावर आहे?" तो वळला आणि जाता जाता, मला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाला, "तुमीच बोललात ना, मी सांगीपर्यंत हात लावू नको." मी घड्याळ कानाला लावलं. आत काही नव्हतं. रिकामा नारळ कानाशी हलवून बघावा तसं. हात जरा झटकला तर दोन-चार टिकटिक झाली आणि पुन्हा गप्प. पाण्याचं काही नाही, पाणी काय, वाफ्यातून गेलं तरी आमच्याच गावात मुरणार. पण हे घड्याळ ह्यांच्या, माझ्या गेलेल्या नवऱ्याच्या, हातातून माझ्या हातात आलं तेव्हापासून माझ्या हातावर ते कधी थांबलं नव्हतं.

तेल सुकलं असेल, मी स्वतःशी म्हटलं. जुनं यंत्र, माणसासारखंच कुरकुरणार. असं म्हणून मी उठले आणि आतल्या खोलीतला पत्र्याचा डबा उघडला. त्यात बाकीची घड्याळं आहेत. मी तिसरी शिकले. मराठी वाचते, चार ओळी लिहिते, पण तबकडीवरची इंग्रजी अक्षरं माझ्या दृष्टीने मुंग्यांची रांग. म्हणून मी घड्याळं खुणेनं ओळखते. एकावर घोड्याच्या नालेसारखं चिन्ह आहे, ते नालवालं. श्रीरंग, माझा मुलगा, त्याला ओमेगा म्हणतो. एकात जहाजाचा इवलासा नांगर, हात हलला की तोही डुलतो, ते नांगरवालं. एकावर कडं घातलेला गोळा. चावीची दोन आहेत, त्यांना मी रोज सकाळी देवपूजेच्या आधी चावी देते. आणि हे फुलवालं, तबकडीवर पाच पाकळ्यांचं बारीक फूल, ज्याला चावी लागत नाही, हाताच्या हालचालीवर चालतं. सगळी स्वित्झर्लंडची, सगळी माझ्या लग्नाच्या आगेमागे बनलेली. लग्नाला नालवालं, कुणाला भेटायला जायचं तर नांगरवालं, आणि वाडीत नेहमी फुलवालं. म्हातारी बाई नऊवारी नेसून मनगटावर पुरुषाचं जाडजूड घड्याळ बांधते म्हणून लोक बघतात. बघू देत. मीही त्यांच्याकडे बघते.

जमवली मात्र ह्यांनी. सेलची घड्याळं आली तेव्हा लोक चावीची घड्याळं पोरांना खेळायला द्यायला लागले. ह्यांचा जीव तुटायचा. सायकलच्या मागे राजेळी केळ्यांचा लोंगर बांधून हे गिरीज ते पार आगाशीपर्यंत घरोघर फिरायचे आणि लोंगर देऊन घड्याळ घेऊन यायचे. वाळवून सुकेळी करायला ठेवलेली केळी घड्याळापायी गेली म्हणून मी किती बोलले असेन. "लोक भंगार टाकतात आणि तुम्ही उचलता," मी म्हणायचे, "उद्या दारावर पाटी लावू, जुनं लोखंड, फुटकी बाटली." हे हसायचे. बोलण्यात मला कुणी हरवत नाही हे त्यांना माहीत होतं. ते उत्तर द्यायचे नाहीत, घड्याळ माझ्या कानाला लावायचे. फुलवालं त्यांना ॲन्सेल्मनं दिलं. ॲन्सेल्म पलीकडच्या आळीतला, बोटीवर होता. दर खेपेला काहीतरी घेऊन यायचा आणि पुढच्या खेपेआधी विकून टाकायचा. ह्यांनी त्याच्या अंगणात सोनचाफ्याची कलमं लावून दिली आणि घड्याळ घेऊन आले. अर्ध्या लुंगीवर, उघड्या अंगाने, मनगटावर ते घड्याळ घालून कुदळ मारायचे. मी म्हणायचे, साहेब आले वाडीत. पण कुदळ पडली की घड्याळाच्या पोटात काहीतरी गरकन फिरायचं, आणि तो आवाज मला, खरं सांगायचं तर, आवडायचा. जुन्या रहाटासारखा. आमच्या बावखलावरचा, वाडीतल्या तळ्यावरचा, रहाट गेला, पंप आला, पण तसला एक आवाज ह्यांच्या हातावर राहिला होता.

आणि आता तो नव्हता. मी दुपारभर हात हलवत बसले. हलवलं की चाले, थांबवलं की थांबे. तेल नाही, म्हटलं, नक्की तेलच नाही. वसईत स्टेशनाजवळ एकजण अजून असली घड्याळं उघडतो, श्रीरंगबरोबर पाठवू. पण श्रीरंग हल्ली माझ्याशी कामापुरतं बोलत होता. कामावरून आला की जेवायचा, ताट उचलायचा आणि फोन घेऊन मागच्या दारी जायचा. कुणाशी बोलायचा ते मला न विचारताच कळत होतं. घरात मी, तो आणि माझी नात उन्नती, एवढीच माणसं उरली होती. स्वयंपाकाला बाई ठेवली होती. तिच्या पोळ्या ताटात ठेवल्या तर ताट वाजायचं.

विनया, माझी सून, नालासोपाऱ्याला आईकडे गेली होती. लोकांना मी सांगत होते, तिची आई एकटी आहे, गुडघे धरलेत. खोटं नव्हतं. पण त्या गुडघ्यांसाठी ती याआधी कधी एवढे दिवस गेली नव्हती. कोकणातल्या माणसांची मुलगी, नोकरदार घर, एका खोलीचं बिऱ्हाड. लग्न झालं तेव्हा मी म्हटलं होतं, त्यांच्याकडे झाड कुंडीत उगवतं आणि माणूस कपाटात निजतो. ती ऐकत होती. ऐकून तिनं केळीचं पान कसं चिरायचं ते शिकून घेतलं, माझ्याच हाताकडे बघून, न विचारता. मला ते तेव्हा चोरीसारखं वाटलं होतं. तिनं विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं ते सोडा.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी माझा डोळा लवकर उघडला. दुपारी निजताना मी घड्याळ काढून कोनाड्यात ठेवते, नाहीतर पट्ट्याखाली घाम येतो. उठले, कोनाड्यात हात घातला, घड्याळ नव्हतं. स्वयंपाकघरात परातीचा आवाज येत होता. दारात उभी राहिले तर विनया पाठमोरी, कणीक मळत होती, जोर लावून, खांद्यापासून. हातात हिरव्या बांगड्या, आणि त्यांच्या वर, कोपराच्या बाजूला सरकवलेलं, ह्यांचं फुलवालं घड्याळ. काचेवर पीठ. मला एवढंच दिसलं. ती वळली आणि तिचा चेहरा पकडलेल्या माणसासारखा झाला. त्या चेहऱ्यानंच सगळा घात केला. नुसतं हसून "आई, घेतलं होतं हो जरा," म्हणाली असती तर मी दोन शब्द बोलून गप्प झाले असते. पण ती गोरीमोरी झाली आणि घड्याळ काढायला लागली, आणि मला वाटलं, म्हणजे हे रोजचं आहे. माझ्या झोपेची वाट बघतात. माझ्या जिवंतपणी माझा हात रिकामा करायला निघालेत. मी म्हटलं, "राहू दे, राहू दे. शोभतं हो. पण हे घड्याळ या घरात कुठल्या हातात येतं ते ठाऊक आहे ना? एवढी घाई झाली असेल तर आधी त्या बांगड्या उतरव."

बोलले. जीभ माझी आहे, ती कशी चालते ते मला ठाऊक आहे. सुरीसारखी चालते आणि पात्याला कळत नाही काय कापलं. विनयानं घड्याळ काढलं, पदराने काच पुसली, माझ्या हातात दिलं. मग परातीवर ओलं फडकं टाकलं, पीठ वाळू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन गेली. जाताना माझ्या पाया पडली. तेच मला जास्त लागलं. संध्याकाळी श्रीरंग माझ्यासमोर उभा राहिला, बूटसुद्धा काढले नव्हते. म्हणाला, "आई, तू तिला बोललीस असं तुला वाटतं. तू मला मेलेला धरलंस, एवढं कळलं का तुला?" मी म्हटलं, "वाटेल ते बोलू नको." तो म्हणाला, "मी?" आणि आत गेला.

रात्र-दिवस तेच डोक्यात घोळत होतं, आणि तरी मी स्वतःचीच बाजू घेत होते. माझ्या घड्याळाला हात लावला कुणी? मी की तिनं? त्यात हे बंद पडलं. संध्याकाळी उन्नती कॉलेजातून आली तेव्हा मी तिच्यापुढे घड्याळ धरलं. म्हटलं, "तुझ्या बापाला सांग, उद्या वसईला नेऊन तेल घालून आणायला." तिनं घड्याळ घेतलं, हातात धरून गोल गोल फिरवलं, कानाला लावलं, आणि परत दिलं. "रिपेअरला कशाला, आजी? चांगलं आहे ते."

"चांगलं आहे तर बंद का पडतं?"

ती नखाशी खेळत राहिली. या पोरीची आईवरची जात आहे. गप्प बसली की समजावं काहीतरी आहे.

"बोल की. तोंडात काय केळं धरलंयस?"

"आजी, ते ऑटोमॅटिक आहे ना. हात हलला की चालतं. तू दिवसभर खुर्चीत बसतेस." मग एकदम, पाण्यात उडी टाकल्यासारखं, "आई घालायची रोज दुपारी. कणीक मळताना, भांडी घासताना, कपडे पिळताना. मागच्या वर्षी तुझ्या हातात ते दोनदा थांबलं होतं, तू खुर्चीतच डुलकी घेत होतीस, तुला कळलं नाही. आईनं पाहिलं. मला म्हणाली, आजीला सांगायचं नाही. तिला वाटेल, हात थकला म्हणजे आपण थकलो."

मी म्हटलं, "हे सगळं तुला तिनं पढवलंय."

उन्नतीनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "नाही, आजी. आई म्हणाली, हे ती तुझ्याकडूनच शिकली."

मी तिला आत जायला सांगितलं. अंधार व्हायला लागला होता, दिवा लावायची वेळ, तरी मी उठले नाही. ओट्यावर बसून होते आणि माझ्या डोळ्यांपुढे ह्यांची खाट आली, याच ओट्यावरची, वाडी दिसावी म्हणून बाहेर टाकलेली. ह्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावी बाजू पूर्ण गेली, आणि घड्याळ डाव्या हातावर. पहिल्याच आठवड्यात ते थांबलं. हे बोलायचे ते अर्धंच कळायचं, पण डोळे घड्याळाकडे जायचे आणि तिथेच राहायचे. म्हणून मी ते काढून स्वतःच्या हाताला बांधलं. सकाळी हे निजलेले असताना काढायचं, दिवसभर घालून वाडीत राबायचं, पाट फिरवायचे, लोंगर उतरवायचे, आणि संध्याकाळी खाटेशी बसून हळूच त्यांच्या हातावर परत घालायचं. दिवसा ह्यांनी विचारलं की मी सांगायचे, आंघोळीसाठी काढलंय. रात्रभर ते त्यांच्या मेलेल्या हातावर चालायचं. ॲन्सेल्मची बायको उर्सुला बघायला आली होती, तिला हे म्हणाले, एकेक शब्द ओढत, "घड्याळ चालतंय. म्हणजे हात थोडा चालतोय." उर्सुलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चालतोय तर. उद्या कुदळ धरतील." तेव्हा दारात नवी नवरी होती, चहाचा ट्रे घेऊन उभी. विनया. तिच्या लग्नाची हळद उतरून फार दिवस झाले नव्हते. तिनं पाहिलं होतं. केळीचं पान चिरताना पाहिलं होतं तसंच, न विचारता.

हे गेले ते दिवसा, भर उन्हात, मी वाडीत असताना. म्हणून घड्याळ माझ्याच हातावर राहिलं. बायका बांगड्या काढायला आल्या, काढल्या. मग ह्यांच्या चुलतबहिणीनं पट्ट्याला हात घातला. मी म्हटलं, "त्याला हात लावायचा नाही." तेवढंच बोलले त्या दिवशी. नंतर गावात बोलणं झालं, नवरा गेला आणि बाईनं मनगट सजवलं. मी त्या प्रत्येकीच्या दारात जाऊन उभी राहिले आणि किती वाजले ते सांगून आले. हळूहळू माझ्याच मनात असं बसलं की हे घड्याळ म्हणजे रिकाम्या हाताचं घड्याळ. उघड्या मनगटाचा माझा मान. पण तसं नव्हतं ना. ते माझ्या हातात आलं तेव्हा माझ्या हातात बांगड्या होत्या, डझनभर, हिरव्यागार. पाण्यात हात घातला की घड्याळाच्या काचेवर वाजायच्या. हे मी विसरले. किती सोयीनं विसरले, बघा.

सकाळी मी हरेश्वरला रिक्षा आणायला सांगितली. पाण्याचं त्याच्यावर सोपवलं. "किती वेळ ठेवू?" त्यानं विचारलं. म्हटलं, "तुला कळत नाही का?" तो जरा बघत राहिला. रिक्षा उमराळ्यावरून गेली. वाड्या संपल्या, मग अर्ध्या वाड्या आणि अर्ध्या इमारती, मग नुसत्या इमारती, एकीच्या गॅलरीतून दुसरीत भांडं देता येईल अशा. सून आणल्यापासून मी तिच्या आईच्या घरी कधी आले नव्हते. येण्यासारखं काय आहे तिथे, असं म्हणायचे. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबले. दार विनयानं उघडलं. हाताला साबण होता. "आई," ती म्हणाली, आणि लगेच, "जिना चढलात तुम्ही?" आत तिची आई पलंगावर होती, तिनं पाय खाली सोडायची धडपड केली. मी म्हटलं, "बसा हो, गुडघे मलाही आहेत." पाणी आलं, चहा आला. खिडकीत कुंडी होती. कुंडीत सोनचाफा, हातभर उंच, एक कळी. मी त्याच्याकडे बघत राहिले. आमच्या वाडीतलं कलम होतं, पान बघून ओळखलं. कधी घेऊन गेली होती, मला ठाऊक नव्हतं.

मला जे बोलायचं होतं ते मी रिक्षात जुळवलं होतं. पण आयुष्यभर जी जीभ एका बाजूनं चालली ती ऐन वेळेला दुसऱ्या बाजूनं वळत नाही. मी पट्टा सोडवला आणि घड्याळ तिच्या आईच्या पलंगावर, चादरीवर ठेवलं. म्हटलं, "थांबलंय. घाल."

विनयानं पदराला हात पुसले. घड्याळ उचललं, तबकडी खाली करून हळूहळू हलवलं, सुपाने पाखडतात तसं. तिला सवय होती. गरकन तो आवाज आला, पाठोपाठ टिकटिक. त्या एका खोलीत ती मोठी वाटली. काटे तिनं माझ्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून लावले. मग माझ्यासमोर खाली बसली, माझा हात ओढून घेतला, आणि घड्याळ माझ्याच मनगटाला बांधलं. एक भोक आतलं घेतलं. हात बारीक झाला होता.

"विनया, मी घाल म्हटलं. तुझ्या हातात."

"नको, आई."

"मी बोलले ते बोलले. तुला कळत नाही का, मी इथवर आले ते कशाला?"

"कळतं." ती माझ्या मनगटाकडे बघत होती, तोंडाकडे नाही. "तुमच्या हातात बांगड्या होत्या तेव्हा. मी पाहिलंय. मी इथे आईच्या उशाशी बसून स्वतःला तेच सांगते रोज. तुमचं बोलणं मी विसरेनसुद्धा. पण हात विसरत नाही. परवा तुमच्या मुलाचा फोन यायला उशीर झाला तर मी बांगड्या मोजत बसले होते." मग जरा हसली, मला सांभाळून घ्यायला. "आता घालायची मला भीती वाटते, आई."

तिच्या आईनं खिडकीकडे तोंड केलं. मी चहा प्यायले. गार झाला होता, तरी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, कारण कप खाली ठेवला की विचारावं लागणार होतं. ठेवला. म्हटलं, "घरी कधी येतेस?"

"येईन ना. गणपतीला येईन."

गणपतीला. केळीला अजून उन्हाळ्याचं पाणी चालू होतं आणि ती मला गणपती सांगत होती. पाहुणीसारखी येणार. मोदक करायला येणार, विसर्जन झालं की पिशवी उचलणार. आणि श्रीरंग आज ना उद्या इथेच कुठेतरी जागा बघेल, कपाटात निजायला. मीच म्हटलं होतं. मी म्हटलं, "ये. पंगतीची पानं तूच चीर, त्या बाईला नाही येत." ती म्हणाली, "चिरीन." दारापर्यंत आली, पुन्हा पाया पडली, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा घड्याळ तिच्या केसांना लागलं आणि तिनं मान एवढीशी आकसली. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं.

खाली उतरले. रिक्षावाला दुसरं भाडं घेऊन गेला होता. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि मनगट कानाशी नेलं. चालत होतं. तिच्या हाताचं चालणं अजून त्यात उरलं होतं, घरी पोचेपर्यंत, फार तर उद्यापर्यंत. पुढे? मी हात खाली सोडला आणि हलवायला लागले. आधी थोडा, मग खांद्यापासून, कणीक मळताना ती हलवत होती तसा, मी पाट फिरवताना हलवायचे तसा. खांद्यात कळ आली. येणारेजाणारे बघत होते. म्हातारीला झालं तरी काय. मी थांबले नाही. वर पाहिलं तर विनया गॅलरीत आली होती. तिला काय वाटलं कोण जाणे. माझा हात वर-खाली होत होता, आणि मी आयुष्यात कुणाला हात हलवून निरोप दिलेला नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिचा हात वर गेला. बांगड्या उन्हात चमकल्या. माझ्यासाठी गेला की दोरीवरच्या कपड्यासाठी, इतक्या खालून मला कळलं नाही. मी हात हलवत राहिले.